पाटीवरचा 'रा' : गिरगावातल्या एका सराफी पेढीच्या अक्षरांचं प्रकरण

ऑक्टोबर २०२३ मध्ये गिरगावातल्या एका सराफी पेढीच्या पाटीचं काम माझ्याकडे आलं. पेढी आता तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. देवनागरीत ते पाच अक्षरांचं आहे, त्यात एक 'रा', एक 'ल', एक दीर्घ वेलांटी आणि शेवटच्या अक्षरावर रफार आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजेल.

त्याआधी दोन वर्षं मालकांनी एका जाहिरात संस्थेकडून पेढीचं इंग्रजी नाव नव्याने काढून घेतलं होतं. उंच, सडपातळ अक्षरं, भरदार उभे दांडे, केसाएवढ्या आडव्या रेषा आणि टोकांना सुईसारखे सपाट सेरिफ, म्हणजे दांड्यांच्या टोकांवरच्या छोट्या आडव्या रेघा. अत्तराच्या बाटलीवर किंवा फॅशनच्या मासिकावर असतात तशी. काम चांगलं होतं, मला आजही ते आवडतं. मराठी नाव मात्र त्याच पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, संगणकात आयतं होतं त्या फॉन्टमध्ये, दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करून बसवलेलं. त्यातला 'ल' हिंदी वळणाचा. दोन पाकळ्यांचा आपला मराठी 'ल' बऱ्याच फॉन्टमध्ये असतो, पण तो वेगळा निवडावा लागतो. तेवढी तसदी कुणी घेतली नव्हती. गिरगावात, मराठी माणसाच्या पेढीवर, मराठी नावात हिंदी 'ल' दोन वर्षं लटकत होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

मग नियम आला. महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यात मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाही, असं त्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दिवसांत शहरभर फ्लेक्सवाल्यांकडे रांगा होत्या. जाड, बटबटीत अक्षरांत नाव छापायचं, पाटीवर ठोकायचं आणि सुटायचं.

मालक मात्र म्हणाले, "ताई, नियमापुरतं नको. इंग्रजीला जो थाट आहे, तोच मराठीला पाहिजे. गिऱ्हाइकाला मराठी नाव नंतर चिकटवल्यासारखं वाटता कामा नये."

काम एवढंच होतं. ते मी पहिल्यांदा चुकीचं केलं. का चुकलं, हेच या लेखात नीट मांडायचं आहे.

हा थाट आला कुठून

या प्रकारच्या रोमन अक्षरांना जाणकार डिडोन म्हणतात. फ्रान्समधले दिदो आणि इटलीतले बोदोनी यांच्या नावांवरून तो शब्द जुळवला आहे. त्याआधी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करविलने वाट मोकळी करून दिली होती. १७५७ मध्ये त्याने व्हर्जिलच्या काव्याची जी आवृत्ती छापली, तिच्या काही पानांसाठी साच्याच्या तारांच्या खुणा नसलेला गुळगुळीत कागद वापरला, छापलेली पानं गरम पत्र्यांत दाबून सपाट केली, काळी कुळकुळीत शाई वापरली. खरखरीत कागदावर बारीक रेष एक तर तुटते, नाही तर शाई पसरून जाड होते. कागद सुधारला तशी रेषही बारीक होत गेली. जामबाटिस्ता बोदोनी १७६८ पासून पार्माच्या ड्यूकच्या छापखान्यात होता. त्याने हा प्रकार टोकाला नेला. १८१३ मध्ये तो वारला आणि त्याच्या टाइपांचा मोठा संग्रह १८१८ मध्ये त्याच्या विधवेने प्रसिद्ध केला. पॅरिसमध्ये फिर्मिन दिदोने तेच काम आणखी काटेकोरपणे केलं.

म्हणजे त्या काळी पानावरची ती केसासारखी रेष हीच श्रीमंतीची खूण होती. ती न तुटता उमटली, तर कागद महाग आहे, शाई उत्तम आहे आणि छापणारा उस्ताद आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळायचं. पुढे विसाव्या शतकात 'वोग' आणि 'हार्पर्स बझार' यांनी ही अक्षरं मिरवली आणि ती सौंदर्यप्रसाधनं, दागिने, घड्याळं यांच्याशी कायमची जोडली गेली. सराफाला हे समजावून सांगावं लागत नाही. तोही बारीक कामाचीच घडणावळ जास्त लावतो.

पहिला प्रयत्न

तयार काही मिळतं का, हे आधी पाहिलं. बारीक-जाडाचा मोठा फरक असलेला देवनागरी फॉन्ट शोधायचा तर पहिलं नाव रोझा वनचं येतं. इंडियन टाइप फाउंड्रीने तो काढला, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत आणि तो कुणालाही मोफत वापरता येतो. फार देखणा आहे. पण त्याचा बांधा दणकट आहे, मथळ्यात छाती काढून उभा राहणारा. आमचं इंग्रजी नाव शेलाटं होतं. दोघांना शेजारी ठेवल्यावर एक पहिलवान आणि एक नर्तकी एकाच फोटोत उभे केल्यासारखं दिसलं. तेव्हा अक्षरं नव्यानेच काढायची ठरली.

आखणी अशी होती. युनिट म्हणजे संगणकात अक्षर आखायचं माप. इंग्रजी नावातल्या मोठ्या अक्षरांची उंची ७०० युनिट, उभा दांडा ११८ युनिट, बारीक रेष ९ युनिट. म्हणजे तेरास एक असं प्रमाण. मी तेच प्रमाण उचललं आणि देवनागरीला लावलं. काना ११८, शिरोरेषा ९. 'ल'च्या पाकळ्यांना जोडणारी रेष ९. 'र'चा पाय वरून निघताना जाड ठेवला आणि खाली जाता जाता ९ वर आणला.

पडद्यावर ते अप्रतिम दिसलं, हे मान्य केलं पाहिजे. मोठं करून पाहिलं की शिरोरेषा ताणलेल्या रेशमी धाग्यासारखी वाटायची. मालकांना पाठवलं, त्यांनी लगेच होकार दिला. पाटीच्या मापाचा प्रिंट काढून, कार्डबोर्डवर चिकटवून आम्ही तो एका रविवारी सकाळी दुकानाच्या कपाळावर टांगला आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेलो.

मालकांच्या आई बरोबर होत्या. सगळे त्यांना काकू म्हणतात. वय सत्तरीचं, चष्मा लावून रोजचा पेपर वाचणाऱ्या. त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि नाव वाचलं. घराण्याचंच नाव, साठ वर्षं ऐकलेलं, आणि तरी त्या मध्येच अडखळल्या. म्हणाल्या, "अरे, हा ग कशाला घातला?"

तो 'ग' नव्हता, 'रा' होता. 'र'चा पाय त्या अंतरावर विरून गेला होता. 'र'चा पाय काढून घ्या आणि शेजारी काना उभा करा. उरतो तो वरचा आकडा आणि दांडा, म्हणजे डोळ्याला 'ग'च. आपल्या लिपीत अशा जागा पुष्कळ आहेत. 'र' आणि 'व' जवळ आले की 'ख' होतो, हे तर शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. या जागा सांभाळतात त्या बारीकसारीक रेषा, आणि मी नेमक्या त्याच कापल्या होत्या.

शिरोरेषाही दिसत नव्हती. पाच अक्षरं सुटी सुटी होऊन हवेत लोंबत होती आणि त्यांच्यामध्ये जाडजूड काने एकामागून एक. खिडकीच्या गजांसारखे. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंग्रजी मात्र इथूनही छान दिसतंय."

ते त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मला लागलं.

चूक कुठे होती

आधी साधा हिशेब. पाटीवर एक युनिट म्हणजे ०.४ मिलिमीटर. ९ युनिटची रेष ३.६ मिलिमीटरची झाली. समोरच्या फुटपाथपासून पाटीपर्यंत आम्ही अंतर मोजलं, ते १६ मीटर भरलं. धडधाकट नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. १६ मीटरवर तो होतो साडेचार मिलिमीटरच्या आसपास. रेष त्याहून बारीक झाली की ती फिकट पडत जाते. सत्तरीच्या डोळ्यांना तर आणखी लवकर.

पण मग इंग्रजीतली ९ युनिटची रेषही विरायला हवी होती. ती विरत होतीच. तरी नाव वाचता येत होतं. या प्रश्नावर मी दोन दिवस अडकले होते, आणि उत्तर सापडलं तेव्हा सगळं काम फिरलं.

रोमन अक्षरांत बारीक रेष एका अक्षराच्या आत राहते. 'एच'ची मधली आडवी दांडी घ्या. दोन भरदार खांबांमध्ये ती हातभरही नसते. पुसट झाली तरी खांब उभे असतात आणि डोळा मधलं अंतर भरून काढतो. शब्द उभा असतो तो खांबांवर. देवनागरीत आडव्या रेषेचं काम वेगळं आहे. शिरोरेषा अक्षराची नसते, शब्दाची असते. आमच्या नावात ती सलग ३,१०० युनिट धावत होती. अक्षरं तिला टांगलेली असतात. शब्द कुठे सुरू झाला, कुठे संपला, हे तीच सांगते. वेलांटी आणि रफार तिच्यावर बसतात. रोमनमधल्या सगळ्यांत कमी महत्त्वाच्या रेषेची जाडी मी देवनागरीतल्या सगळ्यांत महत्त्वाच्या रेषेला दिली होती. प्रमाण बरोबर होतं, पण ते लावलं होतं चुकीच्या जागी.

त्या रात्री बोरू काढला. कत मारून टोक तिरकं केलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर नुसती 'र', 'ल', 'व', 'त' लिहीत बसले. ज्यांनी कित्ता गिरवलाय त्यांच्या हाताला हे ठाऊक आहे. बोरूचा कत अर्ध्या काटकोनात ठेवला की आडवी रेष आणि उभी रेष जवळपास सारख्या जाडीच्या उमटतात. बारीक होते ती फक्त एका दिशेची तिरकी रेष आणि वळणं. म्हणजे आपल्या लिपीत बारीकपणा मुळात आहेच, पण तो शिरोरेषेत नाही आणि कान्यातही नाही. तो आहे वळणावर. 'व'चं पोट कान्याला भेटतं तिथे, 'ल'च्या पाकळ्या एकमेकींत शिरतात तिथे, गाठ वळते तिथे.

रोमन डिडोनमागचं हत्यार वेगळं आहे. ते टोकदार, लवचिक निबाचं आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या सुईचं वळण. दाब दिला की जाड, सोडला की बारीक. हत्यार वेगळं म्हणून बारीक रेषेची जागाही वेगळी.

माझ्याकडे निर्णयसागरचं एक जुनं संस्कृत पुस्तक आहे, बांधणी सुटलेलं. जावजी दादाजींचा हा छापखाना काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये होता, म्हणजे या पेढीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांनी घडवलेल्या देवनागरी खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचं, वळण पुढे देशभर प्रमाण मानलं गेलं. भिंगाखाली एक 'त' पाहिला. शिरोरेषा कान्यापेक्षा किंचित सडपातळ, पण ठाम. काना सरळ. आणि पोटाची कमान जिथे कान्याला टेकते, तिथे रेष एकदम निमुळती होऊन जवळजवळ सुटते, आणि सुटायच्या आत टेकते. अर्ध्या मिलिमीटरच्या त्या जागेत सगळं सौंदर्य होतं. शिसं ओतून, कागद दाबून छापलेल्या अक्षरात एवढा नाजूकपणा टिकला होता. तो इतकी वर्षं टिकला, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जाड रेषा होत्या.

दुसऱ्या दिवशी पेढीवर हेच कागद मांडून बोलत होते, तर तिथले जुने कारागीर मागे येऊन उभे राहिले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ठुशी आणि बोरमाळेच्या कामात हात. त्यांनी माझी पहिली आखणी पाहिली आणि शिरोरेषेवर बोट ठेवून म्हणाले, "एवढी बारीक तार एवढी लांब सुटी ठेवत नाहीत. वाकते. बारीक काम करायचं तर आखूड करायचं आणि दोन्ही अंगांना भरीव आधार द्यायचा."

अक्षरांबद्दल इतकं नेमकं मी कुठल्या वर्गातही ऐकलं नव्हतं.

दुसरी आखणी

पहिला निर्णय शिरोरेषेचा. तिला ३४ युनिट जाडी दिली आणि टोकं अगदी किंचित रुंदावून सपाट कापली, म्हणजे इंग्रजी सेरिफच्या सपाट टोकांशी तिचं नातं जुळलं. काना ११८ वरून ९६ वर आणला. पाच अक्षरांच्या शब्दात एवढे उभे दांडे येतात की ते इंग्रजीइतके जाड ठेवले, तर डोळ्यांपुढे पट्टे नाचतात. पाटीवर शिरोरेषा १३.६ मिलिमीटरची झाली, काना ३८ मिलिमीटरचा. दोन्ही समोरच्या फुटपाथवरून स्वच्छ दिसणार.

बारीक रेष १४ युनिटची ठेवली, पाटीवर ५.६ मिलिमीटर. पण जाडीपेक्षा तिची लांबी महत्त्वाची होती. कुठलीही बारीक रेष ८० युनिटपेक्षा लांब जाऊ द्यायची नाही, हा अण्णांचा नियम मी तसाच पाळला. 'ल'च्या दोन पाकळ्या भरदार, मध्ये जिथे त्या भेटतात ती गाठ तेवढी निमुळती. 'र'चा पाय आता वरून बारीक निघतो आणि खाली उतरता उतरता भरत जाऊन तिरक्या काटलेल्या टोकावर संपतो. पहिल्या आखणीत नेमकं उलटं होतं. दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेषेवरून उठताना भरीव, माथ्यावर क्षणभर बारीक, पुन्हा कान्याला मिळताना भरीव. रफार कोयरीच्या आकाराकडे झुकवला. तो माझा मोह होता, पण सराफी पेढीला तो शोभला असं मला वाटतं.

प्रमाण तेरास एकवरून साधारण सातास एकवर आलं. कागदावर आकडा उतरला, पण नजरेला शब्द पहिल्यापेक्षा जास्त नाजूक वाटायला लागला. कारण बारीक जागा आता थोड्या होत्या आणि प्रत्येक जागा जाड रेषांच्या कुशीत होती. सगळंच बारीक असतं, तेव्हा बारीक काहीच वाटत नाही.

मग उंचीचं भांडण. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान नको, ठीक. पण मोजायचं कुठून कुठे? रोमन मोठी अक्षरं वर-खाली सपाट असतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार. मालकांचं म्हणणं होतं, वेलांटीसकट एकूण उंची इंग्रजीएवढी करा, पाटीत जागा वाचेल. तसं केलं असतं तर अक्षराचं अंग इंग्रजीच्या पाऊणपट झालं असतं आणि मराठी पुन्हा धाकटी दिसली असती. मी शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची ७०० युनिट, म्हणजे इंग्रजीएवढीच, २८० मिलिमीटर ठेवली. वेलांटीसाठी वर आणखी २७० युनिट. मराठी ओळ एकूण ३८८ मिलिमीटर, इंग्रजी २८०, आणि पाटी तीन फूट उंच. उरलेल्या २४६ मिलिमीटरमध्ये वरचा, मधला आणि खालचा मोकळेपणा. दाटी होईल असं मालकांना वाटत होतं. नावात एकही उकार नसल्यामुळे मराठी ओळीचा तळ सपाट निघाला आणि मधलं अंतर कमी ठेवूनही गुदमरलं नाही. उकार असता तर हे जमलं नसतं, पाटीच बदलावी लागली असती.

इंग्रजी नावातल्या बारीक रेषाही, मूळ आखणीला हात न लावता, फक्त पाटीपुरत्या १४ युनिट केल्या. दोन्ही ओळी एका हाताने काढल्यासारख्या दिसल्या त्या यामुळे.

पितळ

पाटी गडद हिरव्या ग्रॅनाइटवर, अक्षरं तीन मिलिमीटर पितळी पत्र्याची. मालकांना मागून उजेड हवा होता, हल्ली सगळीकडे असतो तसा. कार्डबोर्डामागे दिव्यांची पट्टी लावून दाखवली. उजेड कडांवरून सांडतो आणि सगळ्यांत आधी बारीक रेष खातो. मग वरून खाली पडणारे दोन साधे दिवे ठरले.

पत्रा चार फुटी, म्हणजे १,२२० मिलिमीटर. आमचा शब्द १,२४० चा. दोन सेंटीमीटरसाठी अडलं. पितळ कापणारे मिस्त्री म्हणाले, अक्षरं सुटी कापून बसवू. शिरोरेषेला चार ठिकाणी चिरा दिसल्या असत्या. शब्द दोनच तुकड्यांत कापला, तिसऱ्या आणि चौथ्या अक्षराच्या मध्ये शिरोरेषेवर जोड आला आणि तो अण्णांनी स्वतः समोर बसून झाळून घेतला. घासल्यावर बोटाला लागत नाही. ९ युनिटची शिरोरेषा असती, तर तिथे जोड घ्यायला जागाच नव्हती.

गिरगाव चौपाटी जवळ, त्यामुळे खारी हवा पितळ काळवंडवते. काकूंनी दर पंधरवड्याला पितांबरी लावून घासून घेऊ म्हटलं. घासून घासून कडा गोल होतात आणि बारीक जागा आधी झिजतात. म्हणून वर लॅकरचा थर दिला. काकूंना ती चकाकी थोडी खोटी वाटते. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही.

डबी

पाटी लागली आणि आठवड्याभरात फोन आला. दागिन्याच्या डबीवर सोनेरी फॉइल मारायचं होतं, तीच आखणी पाठवून दिली होती, आणि डबीवर 'ल'ची गाठ भरून आली होती. वेलांटीचा माथा तुटला होता.

डबीवर अक्षराची उंची ६ मिलिमीटर. १४ युनिटची रेष तिथे ०.१२ मिलिमीटर होते. ब्लॉक बनवणाऱ्याने ०.२ पेक्षा कमी घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं होतं, पण ते माझ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

खिळ्यांच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटायचा. प्रत्येक मापाचा टाइप वेगळा कोरलेला असायचा आणि लहान मापाच्या बारीक रेषा कोरणारा मुद्दाम जाड ठेवायचा. संगणक आल्यावर एकच आखणी लहानमोठी करायची सवय लागली. डिडोनला ही सवय सगळ्यांत महागात पडते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'हार्पर्स बझार'साठी जोनाथन होफलर या अमेरिकन अक्षररचनाकाराने दिदोचा जो फॉन्ट काढला, तो म्हणूनच सात वेगवेगळ्या मापांसाठी वेगवेगळा काढला होता. बारीक रेष लहान मापातही बारीकच दिसावी, पण तुटू नये, हा त्यामागचा हेतू. लहान मापाची अक्षरं मोठी करून पाहिली तर ती राकट वाटतात. आपल्या मापात ती नाजूकच असतात.

डबीसाठी आखणी पुन्हा काढली. बारीक रेष २४ युनिट, म्हणजे ०.२ मिलिमीटर. शिरोरेषा ४४. 'ल'च्या गाठीतली पोकळी मोठी केली, अक्षरांमधलं अंतर वाढवलं. रफाराची कोयरी सोडली, साधा रफार ठेवला. सहा मिलिमीटरवर कोयरी हा नुसता ठिपका दिसत होता. डबी आणि पाटी शेजारी ठेवल्या तर कुणालाही अक्षर एकच वाटतं, पण एकावर एक ठेवून पाहिली तर एकही कड जुळत नाही.

पावतीसाठी तिसरी आखणी करायची माझी तयारी होती. पण पावती छोट्या थर्मल प्रिंटरवर निघते, तिथे या अक्षरांचा काहीच उपयोग नाही. मुक्ता हा साधा, समतोल देवनागरी फॉन्ट तिथे लावला. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेने काढलेला, बारीक मापात स्वच्छ उमटणारा. मराठी 'ल' निवडायला विसरले नाही.

रविवारी सकाळी काकूंना पुन्हा समोरच्या फुटपाथवर नेलं. त्यांनी नाव सरळ वाचलं. मग म्हणाल्या, "आता वरती मराठी आणि खाली इंग्रजी, दोघी बहिणी दिसतायत." मालकांनी विचारलं, "मोठी कुठली?" त्या काहीच न बोलता पाटीकडे पाहत राहिल्या.

आता पेढीला रोजच्या सोन्याच्या भावाचा फलक याच वळणात हवा आहे. म्हणजे आकडे. ५ आणि ८ ची मराठी वळणं वेगळी, ती जपायची आहेत. आणि '१'चं शेपूट लांबून '९'सारखं दिसता कामा नये, भावाच्या फलकावर ती चूक परवडणारी नाही. सध्या टेबलावर '१' आहे. त्याच्या गाठीतली बारीक रेष ८० युनिटच्या आत बसत नाहीये.